पलंगाखालची बार्शी लाइट

गेल्या पंधरवड्यात या स्तंभातून आपण उतारवयातील झोपेविषयी बोललो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी अनेकांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला आहे. एका वाचकांनी तो फार थोडक्यात मांडला: रात्रीचे कसेबसे निभते, पण दिवसाचे काय करावे? निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे लग्नकार्यांत, तीर्थयात्रांत, नातवंडांच्या शाळेच्या वेळा सांभाळण्यात निघून जातात. पुढे गुडघे कुरकुरू लागतात, जोडीदार जातो, नातवंडे मोठी होतात आणि दुपार सरता सरत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर मी आपल्या निगडीतल्याच एका घरात पाहिले आहे. त्या हकिकतीत माझी एक चूकही आहे आणि ती मी लपविणार नाही. कुटुंबीयांच्या संमतीने, नावे न देता हे लिहीत आहे.

प्राधिकरणातील त्या घराच्या मागच्या खोलीत एक पलंग आहे. त्याच्या खाली, जिथे इतर घरांत पाहुण्यांच्या गाद्या असतात, तिथे चाके लावलेल्या प्लायवुडच्या दोन फळ्या आहेत. त्या ओढून एकमेकींना जोडल्या की आठ फूट लांबीचे एक छोटे स्टेशन तयार होते: एक फलाट, तिकिटाची खोली, पाण्याची टाकी, मालाच्या डब्यांसाठी फाटा, दोन कडुनिंब आणि फलाटाच्या टोकाला उभा असलेला इवलासा सांधेवाला. घरातील ज्येष्ठ गृहस्थांचे वय ७८. सारे त्यांना अण्णा म्हणतात. आयुष्यातील पस्तीस वर्षे त्यांनी या पट्ट्यातील कारखान्यांच्या टूलरूममध्ये काढली. मूळ गाव बार्शीच्या पुढे, लातूरच्या वाटेवर. फळीवरचे स्टेशन त्या गावचे आहे. प्रत्यक्षातले स्टेशन आता उरलेले नाही.

आपल्यापैकी जे सोलापूर, लातूर, धाराशिवकडून नोकरीसाठी इकडे आले, त्यांना 'बार्शी लाइट' हे नाव ऐकताच कोळशाच्या धुराचा वास आला असेल. इतरांसाठी थोडी ओळख करून देतो. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा लोहमार्ग कुर्डुवाडीवरून गेला आणि कापसाची मोठी पेठ असलेले बार्शी बाजूला राहिले. ती उणीव भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अवघ्या अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग आखला. १८९७ साली तो सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये तो पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. कॅल्थ्रॉप यांनी एक नियम ठरविला होता: इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको. त्यामुळे हलके रूळ पुरले, खर्च आटोक्यात राहिला आणि तरीही आषाढी-कार्तिकीला हजारो वारकरी या गाडीने पंढरीला जाऊ शकले. १९५४ मध्ये हा मार्ग सरकारने ताब्यात घेतला. लोक मात्र पुढेही 'बार्शी लाइट'च म्हणत राहिले. या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी ते लातूर रूळ ब्रॉडगेज झाले, वाटेतील मार्ग काही ठिकाणी बदलला आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली.

अण्णांच्या पत्नीचे निधन झाल्यानंतरच्या वर्षी त्यांची विस्मृती घरच्यांच्या लक्षात आली. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चष्मा कशासाठी असतो याचा क्षणभर उलगडा न होणे वेगळे. तपासण्या झाल्या, मेंदूविकारतज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले, औषधे सुरू झाली. त्याच सुमारास नातवाला घेऊन सारे कोथरूडला कर्वे रस्त्यावरील जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून आले. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. नातू धावत्या गाड्या पाहत होता. अण्णा मात्र वाकून सांध्यांकडे पाहत होते. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "हे मला जमेल."

ते त्यांना जमले, आणि कसे जमले हे सांगण्यासारखे आहे. अशा प्रतिकृतींत एक प्रचलित प्रमाण आहे १:८७. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. नऊ मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ बाजारात मिळतात, म्हणून बार्शी लाइटसाठी हे प्रमाण सोयीचे. हा हिशेब अण्णांनी तोंडी केला. आदल्या दिवशी जेवलो की नाही हे ज्यांना आठवत नव्हते, त्यांनी! पुढचा हिशेब मात्र अवघड होता. कुर्डुवाडी ते बार्शी हे सुमारे पस्तीस किलोमीटरचे अंतर ८७ ने भागले तरी चारशे मीटर उरते. पलंगाखाली आठ फूट जागा. म्हणजे सगळे ठेवता येणार नव्हते. काय ठेवायचे ते निवडावे लागणार होते. अण्णांनी तीन दिवस विचार केला आणि सांगितले, "आमचं स्टेशन, आणि आई जिथं उभी राहायची तो कडुनिंब."

मग कामाला आरंभ झाला. इंजिनासाठी परदेशातून चालता सांगाडा मागविला. त्यावरचे पितळी पत्र्याचे कवच अण्णांनी कानशीने घासून, डाख लावून घडविले. रुळांखालच्या खडीसाठी कच चाळून घेतली. माती म्हणून वापरून वाळवलेली चहापूड पसरली. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांना रंगविलेला भुसा चिकटवून झाडे केली. शेजारच्या इमारतीत लातूरकडचे एक निवृत्त शिक्षक राहतात. ते पाहायला म्हणून आले आणि रोज येऊ लागले. पाण्याची टाकी फलाटाच्या डावीकडे होती की उजवीकडे, यावर दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. ते अजून मिटलेले नाही. म्हणून टाकी चिकटविलेली नाही. ज्याचा वार असेल तो ती आपल्या बाजूला ठेवतो.

आता माझी चूक सांगतो. एके दिवशी पुठ्ठा कापताना अण्णांच्या अंगठ्याला कटर लागला. हृदयविकारामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे. रक्त लवकर थांबेना. दवाखान्यात टाके घालताना मी त्यांच्या मुलाला म्हणालो, "ही हत्यारे आता बंद करा." मुलाने त्याच संध्याकाळी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि फळ्यांवर चादर घातली. मला वाटले, मी एक धोका टाळला.

पुढच्या तीन आठवड्यांत अण्णांचे जेवण निम्म्यावर आले. संध्याकाळ झाली की ते खोलीतून दारापर्यंत आणि दारातून खोलीपर्यंत येरझाऱ्या घालू लागले. एके पहाटे सूनबाईंना दार उघडे दिसले. अण्णा आकुर्डी स्टेशनच्या फलाटावर सापडले, पायांत चपला नाहीत, अंगावर घरचा सदरा. लोणावळ्याकडून येणाऱ्या लोकलची वाट पाहणाऱ्या प्रवाशांना ते विचारत होते, बार्शीची गाडी कधी सुटणार? सदऱ्याच्या खिशात सूनबाईंनी शिवलेल्या कापडी पट्टीवर दूरध्वनी क्रमांक होता, म्हणून एका भल्या माणसाने घरी कळविले.

त्या दिवशी सूनबाई दवाखान्यात आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि ते मला अधिक लागले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, कटर काढून घेतला ते योग्यच केलं. पण कटरबरोबर आपण त्यांचं कामही काढून घेतलं. मग त्यांनी दुसरं काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी धोका पाहिला होता. त्या धोक्याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते तोलले नव्हते.

मग आम्ही तिघांनी, अण्णांना समोर बसवून, कामांची वाटणी केली. कापणे आणि डाख लावणे सूनबाईंकडे. मोजणे, खुणा करणे, घासणे, चिकटविणे, खडी पसरणे आणि रंगविणे अण्णांकडे. आयुष्यात स्क्रू-ड्रायव्हर न धरलेल्या त्या बाई दोन महिन्यांत सफाईदार डाख लावू लागल्या; अण्णा शेजारी बसून म्हणत, "तार तापू द्या, मग डाख आपोआप वाहील." वीस वर्षे एका घरात राहून सासरे-सुनेचे जेवढे बोलणे झाले नव्हते, तेवढे त्या फळीवर झाले.

वाचकहो, ही काही केवळ आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. ब्रिटनमध्ये छोट्या रेल्वेच्या प्रतिकृती बनविणे हा जुना आणि लोकप्रिय छंद आहे. तेथील पुष्कळ हौशी मंडळी मोठी टर्मिनस न निवडता वेल्सच्या डोंगराळ भागातील एखादा बंद पडलेला खेडेगावचा फाटा निवडतात. वेल्समधील बाला ते ब्लायनाय फेस्टिनिऑग या मार्गाचे उदाहरण घ्या. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या धरणात १९६५ साली कॅपेल केलिन हे गाव बुडाले आणि आधीच बंद झालेल्या त्या मार्गाचा काही भागही पाण्याखाली गेला. पवना, उजनी, कोयना ही नावे ज्यांच्या घरात उसासा टाकून घेतली जातात, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. दुसरीकडे, वेल्समधलीच वेल्शपूल ते लॅनव्हायर ही छोटी रेल्वे १९५६ मध्ये बंद झाली आणि हौशी स्वयंसेवकांनी १९६३ मध्ये ती पुन्हा धावती केली. तिच्या रुळांची रुंदी अडीच फूटच, आपल्या बार्शी लाइटएवढी. जे गेले ते पुन्हा हाताने घडवावे ही ओढ कुर्डुवाडीला आणि वेल्सला सारखीच आहे.

आता वैद्यकीय बाजू. एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो: छंदाने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, आणि छंद सुरू केला म्हणून औषधे थांबवू नका. अण्णांचा आजार पुढे सरकतो आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी नातवाला आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. मग लाभ कोणता? स्मृतिभ्रंशात नुकतेच घडलेले आधी पुसले जाते. बालपणीचे बरेच काळ टिकते. वर्षानुवर्षे हाताने केलेल्या कामाची स्मृतीही पुष्कळदा उशिरापर्यंत शाबूत राहते. प्रतिकृतीच्या कामात या दोन्ही टिकाऊ गोष्टींना वाव मिळतो: जुने स्टेशन आणि सवयीचा हात. माणूस जे करू शकतो तेच त्याच्यापुढे येते, आणि दिवसभर 'आठवतं का?' या परीक्षेला बसल्यासारखे वाटत नाही. बोटांना बारीक हालचालीचा व्यायाम होतो, दुपारची झोप आटोक्यात येते, म्हणून रात्रीची सुधारते. चार माणसे पाहायला येतात, बोलतात, भांडतात. हे लाभ लहान आहेत, पण रोजचे आहेत.

आपल्या घरी असे काही सुरू करायचे असेल, तर पुढील गोष्टी अवश्य पाळा.

बैठक आणि प्रकाश: फळी जमिनीवर ठेवून वाकू नका. खुर्चीत ताठ बसल्यावर कोपर टेबलावर टेकतील एवढी उंची हवी. हात थरथरत असेल तर कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग टेबलावर टेकवून काम करा. थरथर पूर्ण जाणार नाही, पण ताबा वाढेल. दिवा अशा बाजूला ठेवा की काम करणाऱ्या हाताची सावली कामावर पडणार नाही. उभ्या दांड्याचे भिंग घेतले तर दोन्ही हात मोकळे राहतात. मोतीबिंदूची तपासणी राहिली असेल तर आधी ती करा.

वेळ: एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक काम नको. उठून चार पावले चाला, पाणी प्या, दूरवर पाहा. संध्याकाळी ज्यांची अस्वस्थता वाढते त्यांना नवे, अवघड काम तेव्हा देऊ नका. त्या वेळी केवळ गाडी चालवून पाहावी.

हत्यारे: रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर धारदार पाते दुसऱ्याच्या हाती द्या. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील तर तापलेल्या डाखणीचा चटका कळत नाही आणि भाजल्याची जखम चिघळते. असे काम टाळा. डाखात पुष्कळदा शिसे असते, म्हणून कामानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नका. गोंद, रंग आणि डाखाच्या धुरासाठी खिडकी उघडी हवी. दमेकऱ्यांनी पाण्यात विरघळणारा गोंद आणि पाण्याचे रंग वापरावेत.

वीज आणि वायरी: गाडी १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालते, घरगुती विजेची उघडी जोडणी कधीही करू नका. वायर जमिनीवरून जाऊ देऊ नका. या वयात पाय अडकून पडणे हा कटरहून मोठा धोका आहे.

चुंबक आणि छोट्या बॅटऱ्या: डबे जोडण्यासाठी कधी लहान पण शक्तिशाली चुंबक वापरतात. ज्यांना पेसमेकर बसविला आहे त्यांनी ते छातीजवळ किंवा सदऱ्याच्या खिशात ठेवू नयेत. असे चुंबक वापरण्याआधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. लहान मुलाने चुंबक किंवा बटणाएवढी बॅटरी गिळली अशी नुसती शंका आली, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगायचे आहे. एका वेळी एकच काम पुढे ठेवा आणि त्याला लागणारे सामान एकाच ताटलीत काढून द्या. सारी पेटी उघडली की गोंधळ वाढतो. कडुनिंब वाकडा लागला तर लागू द्या. रात्री गुपचूप बसून तो सरळ करण्याचा मोह टाळा. सकाळी त्यांच्या लक्षात येते, आणि आले नाही तरी ते काम त्यांचे राहत नाही. एखादी गोष्ट जमेनाशी झाली तर ती 'राहू द्या हो' म्हणून काढून घेऊ नका. तिचा सोपा भाग त्यांच्याकडे ठेवा. मोजणे जमेना, तर रंगविणे. रंगविणे जमेना, तर खडी पसरणे. तेही जमेना, तेव्हा गाडीला झेंडा दाखविणे. आणि आपल्या घरातील ज्येष्ठांना रेल्वेत रस नसेल, तर रेल्वे लादू नका. कोणाच्या हातात विणकामाची सुई आहे, कोणाच्या पोथीची जुनी बांधणी, कोणाच्या बिघडलेले घड्याळ. जे हात आयुष्यभर करत आले ते शोधा. घराबाहेर निघून जाण्याची सवय लागली असेल, तर खिशात नाव-क्रमांकाची पट्टी, दाराला घंटी आणि शेजाऱ्यांना पूर्वकल्पना, ही तयारी छंद असला तरी हवीच.

गेल्या रविवारी मी रक्तदाब तपासण्यासाठी अण्णांकडे गेलो होतो. हल्ली ते माझे नाव विसरतात. 'या डॉक्टर' म्हणतात, एवढे पुरे. फळ्या ओढलेल्या होत्या, शिक्षक महाशय हजर होते, टाकी त्या दिवशी उजवीकडे होती. सूनबाई एका तुटलेल्या तारेला डाख लावत होत्या. अण्णांनी मला जवळ बसविले आणि फलाटाच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "डॉक्टर, इथं अजून एक झाड राहिलंय." मी फळीकडे पाहिले. दोन्ही कडुनिंब जागच्या जागी होते. मी काही बोलणार तोच सूनबाईंनी नकळत मान हलवून मला थांबविले आणि विचारले, "कुठं हवंय, अण्णा? खूण करून द्या."

त्यांनी पेन्सिल घेतली, पट्टी लावली आणि सावकाश, नेमकी खूण केली.